गुंडी कुणी उचलली? अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यात अचाट ताकदीच्या माणसांच्या गोष्टी गावागणिक सापडतात. कुणी चिखलात रुतलेली भरली गाडी बैलं सोडून एकट्यानं बाहेर काढली, कुणी उधळलेला वळू शिंगं धरून खाली बसवला, कुणी मोटेचं भरलं पाणी एका हातानं वर ओढलं. गप्पांत या गोष्टी सांगायला काहीच अडचण नसते. त्या लिहून चौकात लावायची वेळ आली की मात्र गाव जागं होतं, कारण गोष्टीतला बलवान माणूस कुणाचा तरी असतो. तो एखाद्या वाड्याचा असतो, एखाद्या वस्तीचा असतो, कधी एखाद्या पिराचा किंवा देवाचा भक्त असतो.

पुढचं प्रकरण अशाच एका गोष्टीचं आहे, गुंडी म्हणजे उचलायचा दगडी गोळा कुणी उचलला त्या गोष्टीचं. एका शाळेच्या लोककथा संकलनाला मदत करणारा म्हणून मी त्यात होतो. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: अशा कामात नायकाची नोंद करण्याआधी गोष्ट सांगणाऱ्याची नोंद करायला हवी. पुढचं सगळं वाचताना ते का, हे दिसेल.

पार्श्वभूमी

गाव अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हा मुलूख अक्कलकोट संस्थानात होता आणि पलीकडे आळंदच्या बाजूला निजामाचं राज्य होतं. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, आणि मुसलमान घरांत दखनी, असा रोजचा व्यवहार. मारुतीच्या देवळासमोर लिंबाचा पार आहे आणि पाराच्या कडेला काळ्या दगडाचा एक गोळा पडलेला आहे. गाव त्याला गुंडी म्हणतं. देवळामागे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, सध्या कोरडी.

गुंडी उचलणं हा या पट्ट्यातला जुना मर्दानी खेळ. तालमीत उचलायची दगडी नाल असते, तिला निदान मूठ धरायला जागा ठेवलेली असते. गुंडीला काहीच नसतं. उकिडवं बसून दोन्ही तळवे दगडाच्या पोटाखाली सरकवायचे, दगड गुडघ्यांवरून मांडीवर ओढून घ्यायचा, तिथं एक दम घ्यायचा, मग छातीशी कवटाळून उभं राहायचं आणि शेवटी खांद्यावरून मागं टाकायचा. सगळ्यात अवघड टप्पा मांडीपासून छातीपर्यंतचा असतो. त्या वेळी बोटं एकमेकांना पोचत नाहीत आणि दगड पोटाला घासत खाली सरकू पाहतो.

गावात प्रचलित असलेली कथा अशी: पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात एका पैलवानानं ही नऊ मणाची गुंडी खांद्यावर घेऊन मारुतीला प्रदक्षिणा घातली. पाटलांनी खूश होऊन त्याला रानातली एक पट्टी बक्षीस दिली. त्या शेताला आजही लोक पैलवानाची पट्टी म्हणतात.

शाळेतल्या मराठीच्या गुरुजींनी नववीच्या मुलांना घरच्या मोठ्यांकडून गोष्टी लिहून आणायला सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात यात्रा कमिटीनं पाराची दुरुस्ती काढली. गुंडी फरशीवर नीट बसवायची, शेजारी ग्रॅनाइटचा फलक लावायचा, आणि चैत्रातल्या यात्रेत गुंडी उचलण्याची स्पर्धा ठेवायची, असं ठरलं. फलकाचा मजकूर गुरुजींनी लिहून द्यावा, असंही कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं.

अडचण कुठे आली

मुलांच्या वह्या गोळा झाल्या तेव्हा गुंडीची गोष्ट एक नव्हतीच.

बहुतेकांनी पाटलांच्या बक्षिसाची कथा लिहिली होती, पण वजन कुणी सात मण दिलं होतं, कुणी नऊ, कुणी बारा. मुसलमान घरातल्या दोन मुलांनी लिहिलं होतं की उचलणारा माणूस वेशीबाहेरच्या पिराचा भक्त होता. दगडाला हात लावण्याआधी त्यानं तिथली राख कपाळाला लावली आणि गुंडी उचलल्यावर पुन्हा कधी कुस्ती खेळला नाही. ताकद आणि पीर यांचं नातं आपल्याकडे नवीन नाही. पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिवापूरला कमर अली दर्वेशांच्या दर्ग्यात अकरा जण एकेक बोट लावून दगड उचलतात, ते पाहायला दूरदूरचे लोक जातात.

तिसरी कथा एका मुलीनं आणली, तिच्या पणजीकडून. या कथेत पैलवान नाहीच. दुष्काळाचं साल. विहिरीच्या पायऱ्यांवर वरून मोठा धोंडा घसरून आला आणि वाट बंद झाली. दोन वाड्यांमध्ये भांडण लागलं की धोंडा कुणी काढायचा, कारण जो काढेल त्याचा विहिरीवर हक्क सांगितला जाईल. तीन दिवस गाव तहानलेलं राहिलं. मग खाणीवर काम करणारी वडार वस्तीतली एक सून घागर घेऊन आली. तिनं घागर खाली ठेवली, पदर खोचला, धोंडा मांडीवर घेतला आणि पायरी-पायरीनं वर आणून पारापाशी टाकला. लोक बघत राहिले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नीरु बेकु अंद्रे कल्लु एत्तबेकु." पाणी हवं तर दगड उचलावा लागतो. आणि घागर भरून निघून गेली.

ही कथा गावातल्या बायकांना बरीच ठाऊक होती. जोंधळ्याच्या काढणीला आणि पंचमीला ती सांगितली जायची. पारावर बसणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेकांनी ती ऐकलेलीच नव्हती, किंवा ऐकून सोडून दिली होती.

गुरुजींनी कमिटीला तीन कथा असल्याचं सांगितलं आणि गोष्ट तापली. पाटलांच्या भावकीला पैलवानाची कथा हवी होती, पण जमिनीचा उल्लेख नको होता. ती पट्टी आता दुसऱ्यांच्या नावावर आहे, आणि पैलवानाचे वंशज म्हणवणारी दोन घरं गावात आहेत. फलकावर "जमीन बक्षीस दिली" असं कोरलं तर उद्या ते वाक्य घेऊन कुणी तलाठ्याकडे जाईल, ही भीती अगदीच पोकळ नव्हती. पैलवानाच्या वंशजांना नेमका तोच उल्लेख हवा होता. एक पंच म्हणाले, "बाईनं गुंडी उचलली असं लिहिलं तर यात्रेला आलेले पैलवान काय म्हणतील?" वडार वस्तीला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

दरम्यान स्पर्धेची बातमी फुटली आणि पोरं रात्री मोबाईलच्या उजेडात सराव करू लागली. एकाच्या हातातून गुंडी निसटली आणि पायाचं बोट चेंगरलं. म्हणजे आता फलकाचा मजकूर, वजन आणि स्पर्धा या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकदमच ठरवायच्या होत्या आणि यात्रेला फार दिवस राहिले नव्हते.

समोर असलेले पर्याय

वजनाचा प्रश्न आधी आला, कारण फलकाच्या मसुद्यात कमिटीनं ३६० किलो लिहून टाकलं होतं. हिशोब सरळ होता: नऊ मण, मणाला चाळीस किलो. गुरुजींना आकडा खटकला, कारण सराव करणाऱ्या पोरांपैकी दोघांनी गुंडी मांडीपर्यंत आणली होती. ३६० किलो मांडीवर घेणारी पोरं गावात असती तर जगभर नाव झालं असतं.

वजन करावं की नाही यावर खरा मतभेद झाला आणि दोन्ही बाजूंना दम होता. एका ज्येष्ठ पंचांचं म्हणणं होतं की देवासमोरच्या वस्तूला काटा लावू नये, गोष्ट गोष्टच राहू द्यावी. मला त्यात तथ्य वाटलं. लोककथेतला नऊ हा आकडा तराजूतून आलेला असेलच असं नाही, सात, नऊ, बारा हे आकडे गोष्टींना आवडतात. पण फलकावर "किलो" हा शब्द लिहिला की ते मोजमापाचं विधान होतं, आणि मग ते खरंच हवं. त्यामुळे एक तर वजन लिहूच नये, किंवा लिहायचं तर करून लिहावं, एवढेच दोन रस्ते उरले.

मजकुरासाठी चार पर्याय निघाले. फक्त पैलवानाची कथा द्यावी. फक्त "प्राचीन गुंडी" लिहून कथा पूर्ण गाळावी. तिन्ही कथा थोडक्यात द्याव्यात. किंवा तिन्ही जुळवून एकच नवी कथा करावी, म्हणजे पैलवान पिराचा भक्त होता आणि त्यानं विहिरीवरचा धोंडा काढला. हा शेवटचा पर्याय सभेत सगळ्यांना आवडला, कारण त्यात कुणाचाच पराभव नव्हता. माझा विरोध सगळ्यात जास्त यालाच होता. अशी जुळवलेली कथा गावात कुणीही, कधीही सांगितलेली नव्हती. आणि जुळवताना हरवली कोण, तर ती वडार सून.

स्पर्धेसाठी दोनच टोकं बोलली जात होती: रद्द करा, नाहीतर होऊ द्या, पोरं बघून घेतील.

काय केलं

पहिलं काम गुरुजींनी मुलांकडूनच करून घेतलं. गुंडी न हलवता दोरीनं तिचा घेर तीन दिशांनी मोजला: १३०, १३२ आणि १३५ सेंटीमीटर. त्यावरून तीन व्यास काढले, घनफळ आलं साधारण ३९ लिटर. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्याचा एक लिटर आकाराचा तुकडा २.९ ते ३ किलो भरतो. म्हणजे गुंडी ११३ ते ११७ किलोच्या आसपास. फळ्यावर हे गणित सुटलं तेव्हा वर्गात शांतता पसरली, असं गुरुजींनी सांगितलं. मुलांना वाईट वाटलं होतं.

फरशीच्या कामासाठी गुंडी तशीही हलवावी लागणार होती. तेव्हा पंचांच्या संमतीनं, नारळ फोडून, धान्याच्या गोदामातल्या काट्यावर ती ठेवली. ११६ किलो.

मग मणाचा गुंता उलगडायला घेतला. दशमान वजनं आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं आली आणि १९६२ पर्यंत सगळीकडे लागू झाली. त्याआधी मण हे एक माप नव्हतं. बंगाली किंवा रेल्वेचा पक्का मण ३७.३ किलोचा, तर जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. नऊ मुंबई मण म्हणजे ११४ किलो. हे काट्याच्या आकड्याच्या इतकं जवळ आलं की कमिटीतल्या दोघांना कथा सिद्ध झाली असंच वाटलं. मी थांबवलं. गाव संस्थानी मुलखातलं, शेजारी निजामाची हद्द, तिथं कोणता मण चालत होता ते आपल्या हातात नाही; शिवाय सात आणि बारा मण सांगणारेही याच गावचे. एवढं नक्की म्हणता येतं की नऊ मण म्हटल्यावर आज जे ३६० किलो डोळ्यांसमोर येतात, ते जुन्या माणसाच्या डोळ्यांसमोर येत असतील असं मुळीच नाही.

पोरांचा उत्साह तरीही मावळला होता. "फक्त ११६?" जिममध्ये दांड्यावर याहून जास्त उचलणारे गावात होते. त्यांना उत्तर मी दिलं नाही, ते सोलापूरच्या मार्केट यार्डात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका हमालकाकांनी दिलं. त्यांच्या तरुणपणी ज्वारीचं पोतं शंभर किलोचं असायचं आणि ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं असायचं. ते म्हणाले, "पोत्याला कान असतो. दोघं जण पाठीवर देतात. आत जोंधळा असतो, तो अंगाला बसतो. हा धोंडा अंगाला बसत न्हाई, आन् द्यायला कोण न्हाई. जमिनीवरनं एकट्यानं घ्या, मग सांगा फक्त." जुन्या काळच्या माणसाचं वजन पन्नास-पंचावन्न किलो धरलं तर गुंडी त्याच्या दुपटीहून जड आहे. दुसऱ्या दिवशी पोरांनी हे शाळेच्या भिंतीवर लिहिलं.

कथांसाठी सभा पारावर घ्यायचं ठरत होतं. तिथं बायका बोलणार नाहीत हे गुरुजींच्या लक्षात आलं. म्हणून अंगणवाडीत दुपारची वेगळी बैठक ठेवली, बाई शिक्षिका आणि मुली एवढ्याच होत्या. पणजी, गाव त्यांना अव्वा म्हणतं, आधी कन्नडमधून बोलल्या, मग मुलींसाठी मराठीतून. त्यांनी ही कथा हद्दीपलीकडच्या माहेरी ऐकली नव्हती, सासरी येऊन सासूकडून ऐकली होती. ही नोंद महत्त्वाची, कारण त्यावरून कथा निदान सासूच्या पिढीपासून या गावात सांगितली जाते एवढं दिसतं. नाव छापू नका, आवाज घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि तसंच केलं. प्रत्येक कथेच्या वर आता चार गोष्टी लिहिलेल्या आहेत: सांगणाऱ्याचं अंदाजे वय, कुणाकडून ऐकली, कोणत्या भाषेत, आणि कोणत्या वेळी सांगितली जाते.

वडार वस्तीत गुरुजी स्वतः गेले. तिथले एक ज्येष्ठ कारागीर गुंडी बघायला आले. त्यांनी दगडाभोवती फिरून, ओला फडका मारून, तिरक्या उन्हात बघितलं आणि बोट ठेवून दाखवलं: टाकीचे बारीक घाव, एका ओळीत. एका बाजूला तळहाताएवढी सपाट जागा, दगड लोळू नये म्हणून काढलेली. म्हणजे गुंडी मुद्दाम घडवलेली आहे. "आमच्याच कुणीतरी केलीया ही," ते म्हणाले.

हे मला सरळ सांगायला हवं. माझा जीव अव्वांच्या कथेत गुंतला होता, पण दगड त्या कथेच्या बाजूनं बोलत नव्हता. घडवलेला गोळा हा उचलण्याच्या खेळासाठीच केलेला असण्याची शक्यता जास्त. शिवाय मुलांनी विहिरीच्या पायऱ्यांची रुंदी मोजली, ती तीन फुटांहून जास्त भरली. ४२ सेंटीमीटरच्या गोळ्यानं ती वाट बंद होणं शक्य नाही. सभेत हे निघालं तेव्हा भावकीतले काही जण हसले. अव्वांना ते कळलं. त्या नातसुनेला म्हणाल्या, "त्यो धोंडा ह्यो नसंल. पर पाणी कोण भरत हुतं, आन् भांडण कोण करत हुतं, ते खोटं हाय का?"

मजकुराचा निर्णय या वाक्यानंतर फिरला, असं मी मानतो. ज्या पंचांना बाईची कथा नको होती त्यांनीच सभेत विचारलं, की मग पैलवानाच्या कथेला तरी काय पुरावा आहे? कुणाकडेच नव्हता. गुरुजींनी जुन्या फेरफार नोंदी काढून पाहिल्या होत्या. शेताच्या पट्टीचं नाव लोकांच्या तोंडी आहे, कागदावर बक्षिसाचं कारण कुठंही नाही. तेव्हा तिन्ही कथा एकाच पायरीवर आल्या.

स्पर्धेबाबत सोलापुरातून एका जाणत्या गृहस्थांना बोलावलं. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले भक्त ते उंच ध्वज पेलत अडुसष्ट लिंगांच्या मार्गानं जातात. या गृहस्थांनी अनेक वर्षं नंदीध्वज पेललेला. पोरांना त्यांनी ताकदीवर एक शब्दही सांगितला नाही. यात्रेआधी सराव का करतात, पेलणाऱ्याच्या भोवती सावरणारे कुठं उभे राहतात, तोल जातोय हे पेलणाऱ्याच्या आधी शेजारच्याला कसं कळतं, दमलेल्याच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर भार कसा जातो, एवढंच सांगितलं. रात्री एकट्यानं सराव करणाऱ्या पोरांना जे सांगायला हवं होतं ते नेमकं हेच होतं.

शेवटी ठरलं ते असं. जुनी गुंडी फरशीत पक्की बसवायची, उचलायची नाही. स्पर्धेसाठी ४०, ६० आणि ८० किलोच्या नव्या गुंड्या वडार वस्तीतल्या त्याच कारागिरांकडून रोख मजुरी देऊन करून घ्यायच्या. आखाड्यात गुडघाभर माती, एक वस्ताद, दोन्ही बाजूंना सावरणारे, आणि ८० ला हात लावायचा तर ६० आधी खांद्यावर गेलेली हवी.

परिणाम

यात्रा पार पडली. ८० ची गुंडी चौघांनी खांद्यावरून टाकली, कुणाला दुखापत झाली नाही. ४० च्या गुंडीला शाळेतल्या दोन मुलींनी नाव दिलं होतं. आयत्या वेळी एकीच्या घरून नकार आला, दुसरीनं ती छातीपर्यंत घेतली. टाळ्या सगळ्यात जास्त तिला पडल्या.

फलकावर आज असं आहे: दगडाचं वजन ११६ किलो, काट्यावर केलेलं. खाली तीन परिच्छेद, प्रत्येकाची सुरुवात "गावात असं सांगतात" अशी. जमिनीचा उल्लेख नाही. पैलवानाच्या वंशजांनी त्यावर नाराजी लेखी दिली, ती शाळेच्या नोंदवहीत जोडून ठेवली आहे. पाटलांच्या भावकीतले दोन जण फलकाच्या अनावरणाला आले नाहीत.

तिसऱ्या परिच्छेदात मात्र "एक कष्टकरी स्त्री" असे शब्द आहेत. "वडार" हा शब्द शेवटच्या क्षणी गाळला गेला. जातीचा उल्लेख कशाला, असं कारण दिलं गेलं. पहिल्या परिच्छेदात "पाटील" हा शब्द तसाच आहे. वस्तीतले लोक फलक वाचून परत गेले आणि त्यांनी गुरुजींना विचारलं की आमची बाई कुठं गेली. या प्रश्नाला गावाकडे अजून धड उत्तर नाही, आणि हे प्रकरण यशस्वी झालं असं मी म्हणत नाही ते याच कारणानं.

पुन्हा करायचं झालं तर

फलकाचा विषय निघण्याआधी संकलन पूर्ण व्हायला हवं. इथं दोन्ही एकत्र चालल्यामुळे प्रत्येक कथा आली ती दावेदार होऊन आली. पाच-सहा महिने आधी वह्या भरल्या असत्या तर लोक जास्त मोकळेपणी बोलले असते, आणि कदाचित चौथी-पाचवी कथाही मिळाली असती. पिराच्या कथेचं तेच झालं. ती दोन मुलांच्या वहीतल्या दहा ओळींवरच राहिली, कारण सगळ्यांचं लक्ष दोन मोठ्या बाजूंच्या भांडणात अडकलं. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे निवांत बसायला हवं होतं.

वस्तीला पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवं. तिथले कारागीर आले ते दगड तपासायला, मग गुंड्या घडवायला. मजकूर ठरवायला त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि तो शब्द गेला तो त्यामुळेच गेला. अंतिम मसुदा ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कोरणाऱ्याकडे पाठवायचा नाही, हा नियम मी आता प्रत्येक गावात आधी सांगतो.

ग्रॅनाइटवर घाई नको. पहिली दोन वर्षं रंगवलेला पत्रा लावावा, म्हणजे दुरुस्ती करता येते. कोरलेलं अक्षर बदलायचं तर खर्च येतो, आणि खर्च हे गावात कुठलीही गोष्ट न करण्याचं सगळ्यात सोयीचं कारण असतं.

वजन करण्याचा निर्णय मात्र मी पुन्हाही तोच घेईन, फक्त हमालकाकांना काट्याच्या दिवशीच बोलावून. आकडा आणि त्या आकड्याचा भार अंगावर घेतलेला माणूस, हे दोन्ही मुलांना एकाच वेळी दिसायला हवेत. इथं मधे काही दिवस गेले आणि तेवढ्यात पोरांनी गुंडीची टिंगल सुरू केली होती.

आणखी एक काम बाकी आहे. अव्वांच्या सासूचं माहेर आळंद तालुक्यातलं. तिथंही विहीर आणि धोंड्याची अशीच गोष्ट सांगतात का, हे पाहायला शाळेतल्या बाई आणि अव्वांची नातसून जाणार आहेत. "वडार" हा शब्द फलकावर घालण्याचा अर्ज वस्तीनं ग्रामपंचायतीत दिला आहे. पुढच्या यात्रेआधीच्या ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर आहे, आणि या वेळी वस्तीतल्या दोन बायका स्वतः बोलणार आहेत, असं गुरुजींनी कळवलं आहे.